थपडीला वन्स मोर

वस्तादाने हरिदासची मान दोन्ही हातांत धरून खाली दाबली, दंड चाचपले, पाठीवर एक धपाटा घातला आणि विचारलं, "काऊन आला रे?"

हरिदास समोरच्या तांबड्या मातीकडे बघत गप्प उभा राहिला.

"काऊन आला म्हन्तो! ऐकू येत नाई का?"

तरी हरिदास गप्पच. वस्तादाच्या कपाळावर आठ्या चढल्या. आखाड्यातली पोरं जोर मारायचं थांबवून बघायला लागली. मी पटकन मध्ये पडलो. "वस्ताद, त्याच्या डाव्या कानानं ऐकू येत नाई. या बाजूनं बोला."

वस्ताद उजवीकडे आला. त्याचे स्वतःचे दोन्ही कान कुस्ती खेळून चुरगळून गेले होते, त्यामुळे त्याला जरा माया वाटली असावी. "कुस्तीत गेला का बाबू?"

"नाई. नाटकात," हरिदास म्हणाला.

पोरं खदाखदा हसली. मला मात्र हसू आलं नाही, कारण मी ते नाटक पाहिलं होतं. पाहिलं म्हणजे काय, विंगेत वही धरून मीच बसलो होतो.

मी नानाजी. हरिदास आणि मी एकाच गावचे, गोंडपिपरी तालुक्यातले. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात तो कोळशाच्या पट्ट्यावर हेल्पर, मी स्टोअरमध्ये. क्वार्टर दोघांत एक. गावच्या नाट्य मंडळात तो नट आणि मी प्रॉम्प्टर. मला ओठ न हलवता बोलता येतं, एवढ्या गुणावर मला ते काम मिळालं होतं.

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरते. दिवसा दंडारीची नाचगाणी, रात्री नाटक. लेकी-जावई येतात, पाव्हण्यांना झोपायला जागा उरत नाही, आणि ज्या गावात नाटक होत नाही त्या गावात पोरगी द्यायलाही लोक कचरतात. हरिदास हा बौद्ध मोहल्ल्यातला पहिला नट. त्याच्या आधी त्या मोहल्ल्याने मांडवाचे खांब रोवले, पाणी भरलं आणि मागे बसून नाटक पाहिलं. याने तालमीच्या दारात उभं राहून सगळ्यांचे संवाद पाठ केले. एका वर्षी चोराचं काम करणारा गडी ऐनवेळी तापाने पडला, तेव्हा आमचे दिग्दर्शक बापूराव मास्तर यांच्यापुढे दुसरा इलाज राहिला नाही. त्या रात्री चोर आला की मांडव हसायचा आणि चोर गेला की जांभया द्यायचा. तेव्हापासून चोर, दरोडेखोर, मुनीमाचा गुंड, जे काही वाईट असेल ते हरिदासकडे.

नायक मात्र दरवर्षी गुणवंतराव. मालगुजाराचं, म्हणजे जमीनदाराचं घर, मांडव त्याचा, पडदे त्याचे, मग नाटकातला ठाणेदार दुसरा कोण होणार? आवाज मात्र खणखणीत, खोटं कशाला बोलू. त्या आवाजावर त्याचा फार जीव. नाटकाच्या आधी आठवडाभर तो ताकाला शिवत नसे.

आता थपडीचं सांगतो. नाटकातली थप्पड खोटी असते. मारणारा गालाजवळून हात फिरवतो, खाणारा मान झटकतो आणि विंगेतला माणूस, म्हणजे मी, टाळी वाजवून आवाज काढतो. तालमीत गुणवंतराव असंच करायचा. मांडवात खरी मारायचा. सुरुवातीला हलकी असायची. मग हरिदास वीज केंद्रात लागला, इस्त्रीची पँट घालून मंडईला आला, आणि ओट्यावर बसलेल्या गुणवंतरावाला ताठ मानेने 'जयभीम' घालून पुढे गेला. त्या वर्षीपासून थपडीचा जोर वाढला. हे माझं म्हणणं. गुणवंतरावाचं म्हणणं असं, की काय करू, जोश येते.

पंच्याऐंशीच्या मंडईत त्याने अशी एक ठेवून दिली की हरिदास दोन पावलं बाजूला गेला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते पाणी पाहून मांडव पिसाळला. आमचे लोक गाणं आवडलं तर वन्स मोर देतातच, पण मरणाचा प्रवेश आवडला तर मेलेल्याला उठवून पुन्हा मरायला लावतात. त्या रात्री त्यांनी थपडीला वन्स मोर दिला. बायकांच्या बाजूने सगळ्यांत मोठा आवाज हरिदासच्या आईचा होता. बायनाबाईला वाटलं, लोक आपल्या पोराचा अभिनय पुन्हा मागताहेत. "वन्स मोर! वन्स मोर!" ती उभी राहून ओरडत होती. गुणवंतरावाने हसत बाही मागे सारली आणि त्याच गालावर, त्याच कानावर पुन्हा मारली. मला टाळी वाजवायची गरजच पडली नाही.

कानाचा पडदा फाटला, आतली नसही गेली. चंद्रपूरच्या डॉक्टरने कानात बॅटरी मारून पाहिलं आणि आता काही होत नाही म्हणून सांगितलं. हरिदास बापूराव मास्तरांकडे गेला, तर मास्तर म्हणाले, "अरे, जिवंत अभिनय म्हन्तेत त्याले! थपडीले वन्स मोर कोणत्या मंडळाले भेटला आजवर?" आणि तिकडे बायनाबाई मोहल्ल्यात घरोघरी सांगत फिरत होती, "कसा रडला माह्या पोरगा! खराच वाटला मले!" तिला हा काय सांगणार? त्याने आईला सांगितलंच नाही.

मला सांगितलं. "नानाजी, मले बॉक्सिंग शिकाची हाय."

"बॉक्सिंगच काऊन? कुस्ती शीक ना."

"कुस्तीत माणसाले पाडा लागते. नाटकात तेवढा टाइम भेटत नाई."

अशा रीतीने आम्ही वस्तादासमोर उभे होतो. तिथे बॉक्सिंग नव्हतीच. पण वस्ताद भला माणूस. म्हणाला, "ठोसा-बिसा इथी नाई. एक वरीस माती खणा, मंग लंगोट बांधा, मंग पाहू." हरिदासने त्याच्या पाया पडून निरोप घेतला. पुढच्या मंडईच्या आत त्याची माती खणून झाली नसती.

दुसरी जागा शहरातला एक क्लब. कुणा ठेकेदाराच्या पोराने हौसेने काढलेला. खरी रिंग, भिंतीला आरसे, छताला टांगलेली चामड्याची बॅग, आणि पांढरे बूट घातलेली गोरीगोमटी पोरं. शिट्टी लटकवलेल्या मास्तराने हरिदासला पाहताच हातात ग्लोव्हज दिले. मी खूश झालो. पहिल्याच दिवशी रिंगमध्ये! दोन मिनिटांत कळलं की समोरचा पोरगा तीन वर्षं शिकत होता आणि त्याला मारायला कुणीतरी हवं होतं. हरिदासने तोंड झाकायचं का पोट, हे कुणी सांगितलंच नाही. तो मार खात गेला आणि दोरीला टेकलेली पोरं शिट्ट्या वाजवत गेली. शेवटी मास्तर म्हणाला, "कल भी आना. मार अच्छा खाता है तू."

बाहेर येऊन हरिदासने नळावर तोंड धुतलं. ओठ फुटला होता. "पाह्यलं का नानाजी? इथीबी मले चोराचंच काम देऊन राह्यले."

मी म्हटलं, जाऊ दे आता, सोड. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो शब्द काढला नाही.

तिसऱ्या जागेला जागाही म्हणवत नव्हतं. दुर्गापूरच्या अंगाला एक लाकडाचा डेपो होता. त्याच्या फाटकावर देवाजी नावाचा पलटणीतून रिटायर झालेला हवालदार पहारेकरी होता. फाटकामागे मोहाच्या झाडाखाली त्याने चुन्याने चौकोन आखला होता. झाडाला टांगलेली बॅग म्हणजे वीज केंद्रातला जुना रबरी पट्टा शिवून केलेलं एक पोतं. आत राख भरलेली. शिकायला खाणीतले चार-सहा कामगार. आम्ही बराच वेळ नुसते बघत राहिलो. देवाजी सगळ्यांत किडमिड्या माणसाजवळच जास्त वेळ उभा होता. हे हरिदासनेही पाहिलं असावं, कारण तो स्वतःहून पुढे गेला.

देवाजीने बिडी विझवली. "कोणाले मारायचं हाय?"

"कोणाले नाई, हवालदार साहेब. तब्येतीसाठी."

"तब्येतीसाठी दूध पे. जाय घरी."

हरिदास फाटकापर्यंत गेला, तिथे थोडा वेळ थांबला आणि परत आला. मग त्याने सगळं सांगितलं. थप्पड, वन्स मोर, दुसरी थप्पड, आई. देवाजी हसला नाही, हळहळलाही नाही. त्याने एकच विचारलं.

"हात आला तवा डोये मिटले होते का?"

"हो."

"मारणाऱ्याले तेच पाह्यजे असते. उद्यापासून ये."

क्षमा वगैरेच्या गोष्टी त्याने केल्या नाहीत, आणि बरं झालं. आम्हाला क्षमेचे सल्ले कामावर फुकट मिळत होते. देणारे सगळे थप्पड न खाल्लेले.

पहिले दोन महिने हरिदासने ठोसा मारलाच नाही. देवाजी ओला फडका पिळून त्याच्या तोंडावर फेकायचा आणि डोळा मिटला की पुन्हा फेकायचा. डावा कान गेल्यापासून हरिदासचा तोलही जायचा. मान वळवली की झोक जायचा. देवाजीने त्याला चुन्याच्या रेघेवरून चालवलं. "कान गेला तं गेला. डाव्या बाजूचं डोयानं ऐक," तो म्हणायचा. फडका तोंडावर बसला तरी डोळे उघडे राहायला लागले, तेव्हा देवाजीने त्याला जवळ बोलावलं आणि स्वतःच्या उजव्या बरगडीखाली दोन बोटं ठेवली.

"इथी. याच्यापरीस दुसऱ्या कुठी मारू नको. इथी लागला का माणसाची वाचा बसते. रक्त नाई, निशाण नाई, पोलीस नाई. तो आवाजाचाच धनी हाय म्हन्ते ना तू? मंग आवाजच घे त्याचा."

त्या दिवशी हरिदास सायकल चालवता चालवता गाणं म्हणत घरी आला. मंडईनंतर पहिल्यांदा.

उन्हाळ्यात बायनाबाई क्वार्टरवर आली. सोबत तांदूळ, लाखोळीची डाळ आणि गावभरच्या बातम्या. हरिदास जेवायला बसला. ती त्याच्या डाव्या हाताला बसून वारा घालत कुणाच्या तरी लग्नातलं भांडण रंगवून सांगत होती. हा खाली मान घालून भात कालवत होता. हूं नाही की चूं नाही. तिने मध्येच बोलणं थांबवलं. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "हरिदास." तो जेवत राहिला. ती उठली, मागून वळून उजवीकडे येऊन बसली आणि तेवढ्याच हळू आवाजात म्हणाली, "हरिदास."

"काय व माय?"

बायनाबाईच्या हातातला पंखा थांबला. "कवापासून?"

मीच सांगितलं, "मंडईपासून, काकू."

"खरी मारली होती त्यानं?"

"हो."

"कान कोणत्या थपडीनं गेला? पयल्या का दुसऱ्या?"

मला खोटं बोलायला हवं होतं. इतक्या वर्षांत किती नटांना मी वाक्यं पुरवली, पण त्या वेळी मलाच काही सुचलं नाही. हरिदासने मान ताटात घातली आणि तिला जे कळायचं ते कळलं. ती रडली नाही. तिने त्याच्या ताटात अजून भात वाढला, वरून डाळ घातली आणि म्हणाली, "यंदा नाटकात उभा राह्यशीन?"

"राहीन."

"राह्य."

पावसाळ्यात पोत्यातली राख ओल धरून दगडासारखी घट्ट झाली. देवाजी म्हणाला, बदलू. हरिदास म्हणाला, राहू द्या. बोटांची सालटी निघाली, तरी तो कामावरून सुटला की त्या झाडाकडेच जायचा. मारताना दात आवळून एकच नाव घ्यायचा.

मंडळाने त्याला त्या वर्षी काम दिलं का? अहो, आर्जव करून दिलं. पंचक्रोशीत विचारणा होत होती, "यंदा थपड हाय का?" नवं नाटक, नवे पडदे, पण ठाणेदार आणि चोर तेच. गुणवंतरावाने मास्तरांना बजावलं होतं, "तो थपडीचा सीन ठेवजा बरं."

मांडव गच्च भरला. चोराला पकडून आणलं तेव्हाच लोक सावरून बसले. गुणवंतराव ठाणेदाराच्या वेषात पुढे आला, मिशीवर ताव दिला, आणि हात वर गेला.

हरिदासने डोळे मिटले नाहीत. मी विंगेतून ते डोळे पाहिले. त्याने डोकं फक्त वीतभर मागे घेतलं. हात त्याच्या नाकासमोरून गेला आणि त्या हाताबरोबर गुणवंतराव स्वतः अर्धा फिरला. उजवी बरगडी उघडी पडली. हरिदासची डावी मूठ फार लांबून आली नाही. आवाजही फारसा झाला नाही. ओल्या पोत्यावर काठी बसावी तेवढाच.

गुणवंतराव एका गुडघ्यावर बसला.

मी वाक्य दिलं. "बोल, माल कुठं लपवलास?" गुणवंतरावाने तोंड उघडलं. काही नाही. मी पुन्हा दिलं, जरा मोठ्याने. त्याचं तोंड मिटत होतं, उघडत होतं, आणि त्या खणखणीत आवाजातला एक शब्द बाहेर येत नव्हता. मी तिसऱ्यांदा इतक्या मोठ्याने दिलं की मागच्या ओळीलाही ऐकू गेलं असेल. प्रॉम्प्टरने असं करू नये. मला फार बरं वाटलं.

ऑर्गन थांबला. मालगुजाराचा पोरगा त्याच्याच मांडवात चोरापुढे गुडघे टेकून बसला होता, आणि हसावं की ओरडावं हे कुणाला कळेना. सगळ्या मांडवात मुंगीही हलली नाही. आणि मग बायकांच्या बाजूने एक बाई उभी राहिली. तिने पदर खोचला.

"वन्स मोर!"

एकटीच. कुणी साथ दिली नाही. तिने सगळ्या गावाकडे एकदा मान फिरवून पाहिलं आणि पुन्हा, सावकाश, "वन्स मोर!"

हरिदास हात खाली सोडून उभा होता. बायका त्याच्या डाव्या बाजूला, पार मागे बसल्या होत्या. त्याने मान वळवली नाही. नट आपल्या वाक्याची वाट बघतो तसा तो गुणवंतरावाकडे बघत उभा राहिला, पण ते वाक्य आलंच नाही. शेवटी बापूराव मास्तरांनी पडदा पाडला.

आत आल्यावर गुणवंतरावाला श्वास लागला. "यानं... मले मारलं!" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मास्तरांनी सदरा वर करून पाहिलं. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. मी वही मिटली. "गुणवंतराव, जिवंत अभिनय होता तो. मास्तरांना विचारा."

मास्तर कुणाकडेच बघेनात. पण त्यांनी हरिदासला तेव्हाच सांगितलं की, बाबा, आता या मंडळात तुला काम नाही. त्याला हे ठाऊकच होतं. त्याने मान हलवली, चोराची मिशी काढून डबीत ठेवली, डबी मास्तरांच्या हातात दिली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने ती परत मागून घेतली, उघडून एकदा बघितली आणि पुन्हा दिली.

सकाळी आम्ही दोघं एसटीच्या थांब्याकडे धुऱ्याने, शेताच्या बांधावरून निघालो. दोन्हीकडे कापणीला आलेलं धान होतं. हरिदासच्या ओठावर अजून डिंकाची रेघ होती. तो धानाच्या लोंब्यांवरून हात फिरवत चालला होता. मग म्हणाला, "सकाळी माय काई बोलली नाई बे. नुसती पाहून राह्यली होती माह्याकडे. तिले आवडलं नसंल का?"

मी थांबलो. "काल तुले ऐकू नाई आलं?"

"काय?"

तेव्हा मी त्याच्या उजव्या बाजूला गेलो आणि सांगितलं. मांडव कसा गप्प झाला, कोण उभं राहिलं, पदर कसा खोचला, काय म्हणाली आणि किती वेळा म्हणाली.

हरिदास धुऱ्यावरच खाली बसला. सालटी निघालेल्या बोटांनी त्याने ओठावरचा डिंक खरवडून काढला. थांब्याकडून एसटीचा हॉर्न ऐकू आला, पण तो उठला नाही. त्याने चांगला कान माझ्याकडे वळवला.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.